मेमरी इरेटाचा वर्कअराउंड घालूनही बूटलोडरमधला बिघाड परत का येतो

एम्बेडेड बोर्डांवर, म्हणजे उपकरणांत बसवलेल्या छोट्या संगणकांवर, काम करणाऱ्या बहुतेकांना हा प्रकार कधी ना कधी भेटतो. बोर्ड एरवी व्यवस्थित सुरू होतो, पण अधूनमधून कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या) इमेजचा चेकसम, म्हणजे डेटा शाबूत आहे का हे पडताळणारा आकडा, चुकतो, डीडीआर (बोर्डावरची मुख्य मेमरी) चालू झाल्यानंतर पहिल्याच मोठ्या कॉपीमध्ये प्रोसेसर अडकतो, किंवा एखाद्या पॉइंटरमध्ये भलताच पत्ता सापडतो. सीरिअल पोर्टवर संदेश छापणारी एक ओळ घातली की बिघाड नाहीसा होतो आणि ती काढली की पुन्हा दिसू लागतो. मग कोणीतरी चिपच्या इरेटाचा, म्हणजे उत्पादकाने मान्य केलेल्या दोषांचा, दस्तऐवज उघडतो, लक्षणांशी जुळणारे कलम सापडते, त्यात सुचवलेला वर्कअराउंड (दोष टाळण्याचा उपाय) बूटलोडरमध्ये, म्हणजे कर्नलच्या आधी चालणाऱ्या प्रोग्राममध्ये, घातला जातो आणि प्रश्न बंद होतो. पुढे चिपची नवी बॅच येते, कंपायलर बदलतो किंवा सस्पेंडची (झोपेत जाण्याची) सोय चालू केली जाते, आणि तोच बिघाड पुन्हा उभा राहतो.

माझ्या अनुभवात अशा वेळी वर्कअराउंड सहसा चुकीचा नसतो. तो सगळीकडे पोहोचलेला नसतो. तो प्रोसेसरच्या एकाच कोअरवर लागलेला असतो, किंवा फक्त पॉवर-ऑनच्या वाटेवर लागतो आणि झोपेतून जागे होण्याच्या वाटेवर लागत नाही, किंवा बूटच्या एका टप्प्यात असतो आणि पुढच्या टप्प्यात नसतो, किंवा सिलिकॉनची रिव्हिजन (चिपची आवृत्ती) न वाचता सरसकट लावलेला असतो, किंवा ज्या मेमरीला तो वाचवणार आहे ती वापरून झाल्यावर लागतो. बिघाड परत आला की नवे कलम शोधण्याआधी या पाच शक्यता तपासाव्यात. मात्र त्याही आधी, समोरचा बिघाड मुळात इरेटाचाच आहे ना, हे ठरवायला हवे.

बिघडलेला डेटा काय सांगतो

मेमरी बिघडली की पहिली प्रतिक्रिया रीसेट दाबण्याची असते आणि त्यातच सर्वांत मौल्यवान पुरावा जातो. चेकसम चुकला की बूटलोडरने थांबावे, अपेक्षित डेटा आणि प्रत्यक्ष डेटा यांची तुलना करावी आणि फरकाचा पत्ता, लांबी आणि दोन्ही मूल्ये छापावीत. हा कोड एकदाच लिहायचा असतो आणि तो उत्पादनातल्या बूटलोडरमध्येही राहू द्यावा असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण क्वचित घडणारा बिघाड मागणी केल्यावर पुन्हा घडत नाही.

त्या फरकाकडे पाहताना सर्वांत उपयोगी प्रश्न असा: जे चुकीचे मूल्य मिळाले ते त्या जागी यापूर्वी कधी होते का? मेमरीत आधी ओळखता येईल असा नमुना भरून ठेवला, उदाहरणार्थ प्रत्येक शब्दात त्याच्याच पत्त्याचा उलटा आकडा, आणि मग इमेज कॉपी केली, तर या प्रश्नाचे उत्तर लगेच मिळते. चुकीच्या जागी जुना नमुना तसाच सापडला तर नवे लिखाण तिथे पोहोचलेच नाही किंवा वाचणाऱ्याला जुनी प्रत मिळाली, म्हणजे संशय कॅशे (प्रोसेसरजवळची वेगवान मेमरी), स्टोअर बफर (लिखाण मेमरीत जाण्याआधी थांबते ती जागा) किंवा बॅरियरवर (लिखाण-वाचनाचा क्रम राखणाऱ्या सूचनेवर) जातो. जुनेही नाही आणि नवेही नाही असे मूल्य सापडले तर संशय सिग्नल, डीडीआर ट्रेनिंग (कंट्रोलरने सिग्नलांच्या वेळा जुळवून घेणे) आणि विद्युतपुरवठ्यावर जातो. तिथे दुसऱ्याच पत्त्याचे योग्य मूल्य सापडले, तर पत्त्याच्या गणनेत किंवा पत्त्याच्या वायरींमध्ये घोटाळा आहे.

फरकाच्या लांबीवरूनही बरेच कळते, पण इथे एक फसगत संभवते. आर्म कंपनीच्या कॉर्टेक्स-ए९ या कोअरची कॅशे लाइन (कॅशे एका वेळी हाताळते तो तुकडा) ३२ बाइटची आणि कॉर्टेक्स-ए५३ची ६४ बाइटची असते, म्हणून नेमका तेवढाच आणि त्याच सीमेवर सुरू होणारा तुकडा बिघडला की कॅशेचे नाव घेतले जाते. परंतु डीडीआर३चा एक बर्स्ट (सलग हस्तांतरण) आठ ठोक्यांचा असतो. ३२ बिट रुंदीच्या बसवर तो ३२ बाइटचा आणि ६४ बिटच्या बसवर ६४ बाइटचा भरतो. त्यामुळे अशा बोर्डांवर केवळ लांबीवरून कॅशे आणि डीडीआर वेगळे करता येत नाहीत. बस १६ बिटची असेल तर बर्स्ट १६ बाइटचा होतो आणि मग लांबी खरोखरच साक्ष देते. प्रत्येक वेळी एकाच बाइट लेनमधला (बसच्या आठ वायरींच्या गटातला) डेटा चुकत असेल तर कॅशेचा विषय बाजूला ठेवावा, कारण कॅशेला डीडीआरच्या लेन ठाऊक नसतात.

इरेटासारखे दिसणारे पण इरेटा नसलेले काही नेहमीचे प्रकारही आधी वगळून घ्यावेत. ईसीसी (चूक ओळखून दुरुस्त करण्याची सोय) असलेली रॅम एकदाही न लिहिता वाचली तर चूक दाखवणारच, कारण तिच्या तपासणी बिटांत चालू होताना काहीही असू शकते. आधीच्या टप्प्याने चालू ठेवलेला डीएमए (प्रोसेसरच्या मदतीशिवाय मेमरीत डेटा हलवणारे हार्डवेअर), विशेषतः नेटवर्क कंट्रोलरचा, पुढच्या टप्प्याच्या मेमरीत पॅकेट लिहीत राहतो आणि तो बिघाड अगदी हार्डवेअरचा वाटतो. बिघडलेल्या बाइटांत ईथरनेटचे पत्ते दिसतात का, हे डोळ्यांनी पाहावे. बोर्ड तापल्यावरच बिघाड होत असेल तर रिफ्रेशची (मेमरीतला डेटा पुन्हा ताजा करण्याची) मांडणी तपासावी: डीडीआर३मध्ये चिपच्या आवरणाचे तापमान ८५ अंश सेल्सिअसच्या वर गेले की रिफ्रेशचे सरासरी अंतर ७.८ मायक्रोसेकंदांवरून ३.९ वर आणावे लागते, आणि ते न आणल्यास दिसणारा परिणाम कोणत्याही इरेटाशी गल्लत करण्याजोगा असतो.

रिव्हिजन वाचल्याशिवाय काही लावू नये

आर्म आपल्या इरेटाचे तीन वर्ग करते. अ वर्गात ज्यांना मान्य होण्याजोगा वर्कअराउंड नाही असे गंभीर दोष, ब वर्गात वर्कअराउंड असलेले गंभीर किंवा लक्षणीय दोष आणि क वर्गात किरकोळ दोष येतात. बूटलोडरमध्ये आपण जे हाताळतो ते जवळजवळ सगळे ब वर्गातले असते. कलम वाचताना बहुतेक जण थेट वर्कअराउंडच्या परिच्छेदावर जातात, पण आपल्याला आधी हवे असतात ते दोन भाग म्हणजे दोष घडण्याच्या अटी आणि बाधित रिव्हिजनांची यादी. अटी वाचल्या की आपल्या कोडमध्ये त्या पूर्ण होऊ शकतात का, हे कळते. यादी वाचली की आपल्या चिपला तो लागू आहे का, हे कळते.

आर्मच्या कोअरची रिव्हिजन मुख्य ओळख रजिस्टरमध्ये असते. त्यातले २३ ते २० हे बिट आर-क्रमांक देतात, ३ ते ० हे पी-क्रमांक देतात आणि १५ ते ४ यांत कोअरचा भाग क्रमांक असतो. इथवर सगळ्यांना माहीत असते. पुढची गोष्ट मात्र अनेकांच्या नजरेतून सुटते: कधीकधी तोच आर आणि पी क्रमांक असलेल्या दोन चिपांपैकी एकीत दोष दुरुस्त झालेला असतो आणि दुसरीत नसतो. कॉर्टेक्स-ए५३च्या आर०पी४मध्ये ८३५७६९ आणि ८४३४१९ या दोन इरेटांबाबत नेमके हेच आहे. तिथे रिव्हिजन ओळखीचे आणखी एक रजिस्टर वाचावे लागते. त्यातला ७वा बिट पहिल्या दोषाची आणि ८वा बिट दुसऱ्या दोषाची दुरुस्ती झाल्याचे सांगतो. ट्रस्टेड फर्मवेअर-ए (आर्म चिपांसाठीचे बूट फर्मवेअर) हे बिट वाचूनच निर्णय घेते. आपल्या स्वतःच्या बूटलोडरमध्ये फक्त पी-क्रमांकाची तुलना असेल तर ती अपुरी आहे.

याहून अवघड परिस्थिती म्हणजे ओळखीचे रजिस्टरच चुकीचे असणे. एसटी या चिप उत्पादकाच्या एसटीएम३२एफ४०५ आणि ४०७ या चिपांच्या अगदी पहिल्या, ए रिव्हिजनमध्ये डिबग ओळख रजिस्टर आधीच्या एफ२ मालिकेचा क्रमांक दाखवते. म्हणजे चिप आहे कॉर्टेक्स-एम४ची आणि ओळख सांगते कॉर्टेक्स-एम३च्या चिपची. तिथे कोअरचे ओळख रजिस्टर वाचून त्यातला भाग क्रमांक सी२४ आहे की सी२३, हे पाहिल्याशिवाय खरी चिप कळत नाही. याच ए रिव्हिजनवर फ्लॅशचा प्रीफेच (पुढच्या सूचना आधीच वाचून ठेवणे) वापरता येत नाही, म्हणून एसटीच्या उदाहरण कोडमध्ये रिव्हिजन क्रमांक हेक्स १००१, म्हणजे झेड रिव्हिजन, असेल तरच प्रीफेच चालू केला जातो. नवा प्रकल्प सुरू करताना ती ओळ निरर्थक समजून काढून टाकली जाते आणि सरसकट प्रीफेच चालू केला जातो. मग कपाटातला एखादा जुना बोर्ड बाहेर निघाला की फ्लॅशमधून चुकीच्या सूचना वाचल्या जाण्याचा धोका उभा राहतो.

एक वर्कअराउंड जवळून

सर्व काही एकाच उदाहरणात दिसावे म्हणून एसटीएम३२एच७४३ची वाय रिव्हिजन घेऊ. या चिपमध्ये हेक्स २४०००००० या पत्त्यापासून ५१२ किलोबाइटची एएक्सआय एसरॅम (चिपच्या आतलीच मेमरी) आहे. वाय रिव्हिजनमध्ये या एसरॅममधून वाचलेला डेटा काही परिस्थितीत बिघडू शकतो: तिच्याकडे एकापाठोपाठ अनेक वाचने चालू असतात आणि एखादा मास्टर (मेमरीकडे डेटा मागणारा घटक) आधीच्या वाचनाचा डेटा स्वीकारायला उशीर करत असतानाच नवे वाचन मागितले जाते. त्यावरचा उपाय असा की बस मॅट्रिक्सच्या (चिपमधले घटक जोडणाऱ्या जाळ्याच्या) सातव्या टार्गेटच्या नियंत्रण रजिस्टरमध्ये, म्हणजे हेक्स ५१००८१०८ या पत्त्यावर, १ लिहायचा. त्यामुळे त्या टार्गेटकडे एका वेळी एकच वाचन पाठवले जाते आणि अट पूर्णच होत नाही. एसटीच्या स्टार्टअप कोडमध्ये हे लिखाण ओळख रजिस्टरचे वरचे १६ बिट हेक्स २००० पेक्षा कमी असतील तरच होते. वाय रिव्हिजन तिथे १००३ दाखवते आणि दुरुस्त झालेली व्ही रिव्हिजन २००३ दाखवते.

एवढे सोपे लिखाण असूनही ते तीन ठिकाणी निसटते. पहिले ठिकाण म्हणजे स्वतः लिहिलेला बूटलोडर. आकार कमी राहावा म्हणून चिप उत्पादकाचे स्टार्टअप कोड बाजूला ठेवून घड्याळे आणि पिना स्वतः मांडल्या जातात आणि त्या बाजूला ठेवलेल्या फाइलमध्ये ही ओळ होती, हे कोणाच्या लक्षात येत नाही. मुख्य प्रोग्राम मात्र उत्पादकाचे स्टार्टअप वापरतो, त्यामुळे तो व्यवस्थित चालतो आणि बिघाड फक्त अपडेट चालू असताना, म्हणजे सर्वांत वाईट वेळी, दिसतो.

दुसरे ठिकाण क्रमाचे आहे. लिंकर स्क्रिप्टने (प्रोग्रामचे भाग कोणत्या पत्त्यावर बसतील हे ठरवणाऱ्या फाइलने) स्टॅक किंवा आरंभ मूल्यांचा विभाग एएक्सआय एसरॅममध्ये ठेवला असेल, तर तो विभाग कॉपी करणाऱ्या कोडच्या आधी वर्कअराउंड लागला पाहिजे. उत्पादकाच्या स्टार्टअपमध्ये हा क्रम सांभाळलेला आढळतो, पण आपण तीच ओळ उचलून मुख्य फंक्शनच्या सुरुवातीला नेली तर तोवर स्टॅक वापरला गेलेला असतो. रीसेटनंतरचे हे पहिले फंक्शन शक्यतो स्टॅक न वापरणारे, असेंब्लीत लिहिलेले असावे, किंवा स्टॅक हेक्स २००००००० पासूनच्या डीटीसीएममध्ये (कोअरला थेट जोडलेल्या मेमरीत) ठेवावा, कारण तिची वाट या बस मॅट्रिक्समधून जात नाही.

तिसरे ठिकाण चाचणीचे आहे. बूटलोडरमध्ये सुरुवातीला फक्त प्रोसेसरच या मेमरीशी बोलतो, त्यामुळे दोषाची अट सहज पूर्ण होत नाही आणि वर्कअराउंडशिवायही सगळे चाचण्यांत उत्तीर्ण होते. पुढे कोणीतरी वेग वाढवण्यासाठी एसडी कार्डावरून वाचायला डीएमए लावतो. त्या बदलाचा मेमरीशी संबंध आहे, असे त्या बदलाच्या परीक्षणात कोणालाच वाटत नाही.

प्रत्येक कोअर आणि प्रत्येक वाट

कॉर्टेक्स-ए९च्या आर२ मालिकेतला ७४३६२२ हा इरेटा डेटा बिघडवणाऱ्या दोषाचा चांगला नमुना आहे. अत्यंत क्वचित परिस्थितीत स्टोअर बफरमधली एक सुधारणा चुकते आणि लिहिलेला डेटा बिघडतो. निदान रजिस्टरमधला ६वा बिट १ केला की ती सुधारणा बंद होते आणि वेगावर किंवा वीजवापरावर दिसण्याजोगा परिणाम होत नाही. यू-बूट या प्रचलित बूटलोडरमध्ये हे काम रीसेटनंतर लगेच चालणाऱ्या असेंब्ली फाइलमध्ये होते, आणि ते तिथेच व्हायला हवे, कारण हे रजिस्टर नॉन-सिक्युअर (मर्यादित अधिकारांच्या) अवस्थेतून लिहिता येईलच असे नाही. लिनक्स कर्नलमध्येही हा पर्याय आहे, पण अनेक प्लॅटफॉर्मांसाठी एकत्र बांधलेल्या कर्नलमध्ये तो उपलब्ध ठेवलेला नाही. तिथे हे काम आधीच्या फर्मवेअरने केले आहे, असे गृहीत धरलेले असते. म्हणून "कर्नल बघून घेईल" असा विचार इथे चालत नाही.

हे रजिस्टर प्रत्येक कोअरचे वेगळे असते. मुख्य कोअरवर चालणारा बूटलोडर आपल्या कोअरचा बिट लावतो, पण बाकीचे कोअर कर्नलने जागे केल्यावर कोणत्या पत्त्यावरून सुरू होतात, हे पाहायला हवे. ते बूट रॉममधून (चिपमध्ये कायमच्या असलेल्या पहिल्या कोडमधून) थेट कर्नलच्या पत्त्यावर उडी मारत असतील तर त्यांच्यावर वर्कअराउंड लागलाच नाही. असा बिघाड ओळखण्याची खूण म्हणजे कर्नल एकाच कोअरवर बंधन घालून चालवला की तो दिसेनासा होतो. बरेच जण त्यावरून ड्रायव्हरमधल्या लॉकिंगचा संशय घेतात आणि आठवडे घालवतात. तो संशय घेण्याआधी प्रत्येक कोअरवरून ते रजिस्टर वाचून छापणारा छोटा कोड चालवून पाहावा.

सस्पेंडमधून परत येण्याची वाट तर हमखास विसरली जाते. कोअरचा वीजपुरवठा तोडला गेला असेल तर त्याची सगळी खासगी रजिस्टरे मूळ अवस्थेत जातात आणि जागे झाल्यावर बूट रॉम त्याला ठरवलेल्या पत्त्यावर पाठवतो. तो पत्ता बूटलोडरच्या सुरुवातीचा नसतो. त्यामुळे वर्कअराउंड लावणारे फंक्शन रीसेटच्या क्रमात गुंफलेले नसावे. ते स्वतंत्र असावे, कितीही वेळा बोलावले तरी तोच परिणाम देणारे असावे आणि जागे होण्याच्या प्रत्येक वाटेवरून, म्हणजे थंड बूट, वॉर्म रीसेट (वीज न तोडता केलेला रीसेट), दुय्यम कोअर आणि सस्पेंडमधून परतणे या सर्वांतून, बोलावले जावे.

वॉर्म रीसेटबद्दल थोडे वेगळे सांगावे लागेल. त्यात कोअर नव्याने सुरू होतो, पण डीडीआर कंट्रोलर आणि मेमरी चिपा रीसेट होतील की नाही, हे त्या चिपच्या रचनेवर अवलंबून असते. मेमरीत मागच्या वेळचा डेटा बहुधा शाबूत असतो. म्हणून वॉर्म रीसेटनंतर इमेजची कॉपी अपुरी राहिली तरी तिथे आधीच्या बूटची तीच इमेज असते आणि चेकसम बरोबर येतो. बिघाड झाकला जातो. चाचणीचे आकडे गोळा करताना थंड आणि वॉर्म बूट यांची नोंद वेगवेगळी ठेवावी आणि वॉर्म बूटच्या चाचणीत कॉपीआधी ती जागा नमुन्याने भरून घ्यावी.

कोड हलला की बिघाड का हलतो

संदेश छापणारी ओळ घातल्यावर बिघाड जातो, तेव्हा दोन कारणे संभवतात. एक म्हणजे वेळ बदलली. दुसरे, जे कमी लोकांना सुचते, ते म्हणजे कोडची मांडणी बदलली. कॉर्टेक्स-ए५३चा ८४३४१९ हा इरेटा पूर्णपणे मांडणीवर अवलंबून आहे. पानाचा पत्ता काढणारी एडीआरपी ही सूचना ४ किलोबाइटच्या पानातल्या शेवटच्या दोन जागांपैकी एकीवर, म्हणजे पानातील एफएफ८ किंवा एफएफसी या अंतरावर आली आणि तिच्यानंतर मेमरी वाचणाऱ्या किंवा लिहिणाऱ्या सूचनांचा विशिष्ट क्रम आला, तर त्यातल्या एका सूचनेला चुकीचा पत्ता मिळू शकतो. मधल्या फंक्शनमध्ये एक ओळ वाढली की सूचना पुढे सरकते आणि दोष नाहीसा होतो.

याचा उपाय रजिस्टरमध्ये नाही, लिंकरमध्ये आहे: लिंकर असे क्रम शोधून त्यांना वळसा घालतो. हा उपाय यू-बूटच्या स्थलांतरातही (ते स्वतःला मेमरीत दुसऱ्या पत्त्यावर हलवते तेव्हाही) टिकतो, कारण ६४ बिट आर्मवर यू-बूट ४ किलोबाइटच्या पटीतच हलवला जातो आणि पानातली जागा बदलत नाही. प्रश्न असा आहे की बूटच्या साखळीतला प्रत्येक टप्पा वेगळा लिंक होतो. एसपीएल (यू-बूटचा छोटा पहिला टप्पा), ट्रस्टेड फर्मवेअर, यू-बूट आणि कर्नल या प्रत्येकाच्या बांधणीत तो पर्याय चालू आहे का, हे स्वतंत्रपणे पाहावे लागते. टूलचेनची (कंपायलर, लिंकर वगैरे साधनांची) नवी आवृत्ती आणताना किंवा बांधणीच्या फाइली आवरताना हा पर्याय गळून पडला तर कोणतीही सूचना मिळत नाही. प्रोग्राम तसाच लिंक होतो. म्हणून अंतिम बायनरीचे डिसअसेंब्ली काढून एफएफ८ आणि एफएफसीवर येणाऱ्या एडीआरपी सूचनांची यादी करणारी एक स्क्रिप्ट बांधणीच्या शेवटी चालवणे मला अत्यावश्यक वाटते. यादीतली प्रत्येक सूचना धोक्याची नसते, पण तिच्या नंतरच्या चार ओळी वाचून निर्णय करता येतो.

कॅशे आणि डीडीआर कंट्रोलर

कॅशेच्या देखभालीतले दोष बूटलोडरला विशेष लागतात, कारण इमेज मेमरीत आणून कॅशे बंद करून कर्नलला सोपवणे हेच त्याचे काम असते. कॉर्टेक्स-ए५३च्या आर०पी२पर्यंतच्या रिव्हिजनांमध्ये ८२४०६९ आणि ८२७३१९ हे दोष आहेत आणि तिथे नुसत्या क्लीनच्या (कॅशेतला बदल मेमरीत लिहिण्याच्या) जागी क्लीन आणि इनव्हॅलिडेट (कॅशेतली प्रत रद्द करणे) अशी एकत्र सूचना वापरावी लागते. पीएल३१० या बाहेरच्या कॅशे कंट्रोलरच्या आर२पी०पूर्वीच्या रिव्हिजनांत उलट अडचण आहे: ५८८३६९ या इरेटानुसार क्लीन आणि इनव्हॅलिडेट ही एकत्र क्रिया आधीच स्वच्छ असलेल्या लाइनींना इनव्हॅलिडेट करत नाही. परिणामी डीएमएने नवा डेटा आणला तरी प्रोसेसरला जुना दिसत राहतो. म्हणजे एका ठिकाणचा उपाय दुसऱ्या ठिकाणचा दोष आहे, आणि म्हणूनच एका बोर्डाचे कॅशे फंक्शन दुसऱ्या बोर्डाच्या फाइलीत चिकटवणे धोक्याचे आहे.

डीडीआर कंट्रोलरच्या इरेटांत तर काही मूल्ये बोर्डागणिक बदलतात. फ्रीस्केलच्या, म्हणजे आजच्या एनएक्सपीच्या, काही डीडीआर कंट्रोलरांमध्ये ए-००९९४२ हा इरेटा आहे: ट्रेनिंग सर्वोत्तम नसलेल्या मांडणीवर स्थिरावू शकते. त्याच्या वर्कअराउंडमध्ये एका डिबग रजिस्टरमध्ये योग्य मूल्य लिहावे लागते आणि ते मूल्य बोर्डावरच्या वायरींच्या लांबीवर अवलंबून असते. यू-बूट ट्रेनिंगनंतर प्रत्यक्ष मूल्ये वाचते आणि बोर्डाच्या फाइलीत लिहिलेले मूल्य योग्य नसेल तर कोणते लिहावे, याची सूचना कन्सोलवर छापते. ती सूचना बूटच्या पहिल्या काही ओळींत येऊन निघून जाते. संदर्भ बोर्डाचे मूल्य तसेच उचलून आपल्या बोर्डावर ठेवले असेल तर ही सूचना येतच राहते आणि बोर्ड खोलीच्या तापमानाला चालतही राहतो. कन्सोलच्या नोंदी तपासताना या ओळीसाठी आवर्जून शोध घ्यावा.

डीडीआरची चाचणी कॅशे बंद ठेवून घेण्याची सवयही इथे आड येते. कॅशे बंद असली की प्रोसेसर एकेक शब्द लिहितो आणि वाचतो. डेटा बसवर सलग बर्स्टांची गर्दी होत नाही आणि लेनींवर एकाच वेळी सगळे बिट पालटण्याचा ताण येत नाही. अशी चाचणी पत्त्यांच्या आणि वायरींच्या चुका पकडते, ट्रेनिंगच्या चुका पकडत नाही. त्यामुळे आधी कॅशे बंद ठेवून पत्त्याचा नमुना, मग कॅशे चालू ठेवून तिच्या आकाराच्या कितीतरी पट मोठ्या भागावर यादृच्छिक नमुना, आणि शक्य असल्यास त्याच वेळी डीएमएचे काम, असा क्रम ठेवावा.

वर्कअराउंड लागला आहे, याचा पुरावा

कोड लिहिताना मी प्रत्येक इरेटासाठी एक नोंद ठेवतो: क्रमांक, कोअर किंवा घटक, बाधित रिव्हिजनांची पहिली आणि शेवटची मर्यादा, लागू आहे का हे सांगणारे फंक्शन, लावणारे फंक्शन आणि लागला का हे परत वाचून सांगणारे फंक्शन. शेवटचे फंक्शन जास्तीचे वाटते, पण ते सोडू नये. नॉन-सिक्युअर अवस्थेतून केलेले लिखाण काही रजिस्टरांवर अपवाद निर्माण करते आणि काहींवर मुकाट्याने दुर्लक्षित होते. परत वाचल्याशिवाय दुसरा प्रकार कळत नाही. रजिस्टरमध्ये ठराविक आकडा लिहू नये. आधी वाचावे, हवा तो बिट बदलावा आणि परत लिहावे, कारण त्याच रजिस्टरात बूट रॉमने दुसऱ्या एखाद्या इरेटाचा बिट आधीच लावलेला असू शकतो. लिखाणानंतर डीएसबी आणि आयएसबी हे दोन्ही बॅरियर हवेत. मेमरीत बसवलेल्या रजिस्टरांसाठी पॉइंटर व्होलाटाइल असावा, अन्यथा कंपायलर दोन लिखाणे एकत्र करू शकतो.

बूटच्या सुरुवातीला कोअरची रिव्हिजन, चिपची रिव्हिजन आणि लागलेल्या इरेटांची यादी एका ओळीत छापावी. ट्रस्टेड फर्मवेअर-एच्या डिबग बांधणीत अशी सोय आहे: कोअरला लागू असलेला पण बांधणीत न घेतलेला वर्कअराउंड सापडला की तो राहून गेल्याचा इशारा ते छापते. उत्पादनाच्या बांधणीत हा इशारा सहसा बंद असतो, म्हणून नवी चिप आल्यावर एकदा तरी डिबग बांधणी चालवून पाहावी.

आणि शेवटची तपासणी उलटी करावी. वर्कअराउंड मुद्दाम बंद करून तीच चाचणी, तेवढाच वेळ, त्याच तापमानाला चालवावी आणि बिघाड परत येतो का ते पाहावे. तो परत आला आणि वर्कअराउंड चालू केल्यावर पुन्हा गेला, तरच कारण आणि उपाय यांचा संबंध सिद्ध होतो. बंद करूनही बिघाड आला नाही तर दोन्हींपैकी एक गोष्ट खरी आहे: चाचणी दोषाच्या अटी पूर्ण करत नाही, किंवा मूळ बिघाड दुसऱ्याच कारणाने होता आणि वेळ किंवा मांडणी बदलल्यामुळे तो झाकला गेला. अशा वेळी कलमातल्या अटी घेऊन, त्या जाणूनबुजून पूर्ण करणारा छोटा कोड लिहून पुन्हा सुरुवात करावी.

यानंतरही उत्तर मिळाले नाही आणि चिप उत्पादकाकडे प्रश्न न्यायचा असेल, तर सोबत चिपेवर छापलेला पूर्ण मजकूर, ओळख रजिस्टरांची वाचलेली मूल्ये, डीडीआरचा भाग क्रमांक, ट्रेनिंगनंतरची कंट्रोलरची सर्व रजिस्टरे, बिघडलेल्या डेटाचे किमान काही पूर्ण नमुने त्यांच्या पत्त्यांसह, आणि थंड व वॉर्म बूटचे वेगवेगळे आकडे द्यावेत. बिघडणाऱ्या बोर्डाशेजारी त्याच बॅचमधल्या चांगल्या बोर्डाची तीच सगळी माहितीही जोडावी.